दोन डायोड पाठीला पाठ लावून ट्रान्झिस्टर का होत नाही?

ठिणगी

नमस्कार मंडळी. मी दिवसभर हिशेबाच्या कामात असते, इलेक्ट्रॉनिक्स हा संध्याकाळचा नाद. एलईडी लुकलुकवणे, बझर वाजवणे, अंधार पडला की दिवा लावणारं सर्किट, एवढं करून झालंय. प्रत्येक ठिकाणी बीसी५४७ हा एनपीएन जातीचा, तीन पायांचा ट्रान्झिस्टर वापरला. पण आत नक्की काय चालतं हे कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

मी ज्या वर्गाला जायचे तिथे फळ्यावर एक चित्र काढलं होतं: एनपीएन म्हणजे दोन डायोड, अॅनोडला अॅनोड जोडलेले, मधला जोड म्हणजे बेस, उरलेली दोन टोकं म्हणजे कलेक्टर आणि एमिटर. मल्टिमीटरही तेच म्हणतो. डायोडच्या खुणेवर ठेवून लाल टोक बेसला लावलं की एका पायाकडे ०.६७२ दिसतं, दुसऱ्याकडे ०.६६६. टोकं उलटी केली की काही नाही. मग परवा मी खरंच दोन १एन४१४८ डायोड घेतले, अॅनोड एकत्र पिळून सोल्डर केले आणि ट्रान्झिस्टरच्या जागी लावले.

सर्किट अगदी साधं. ५ व्होल्टचा पुरवठा, कलेक्टरला ३३० ओहम आणि एलईडी, बेसला १० किलोओहम, एमिटर ग्राउंडला. बीसी५४७ असताना एलईडी लख्ख. डायोडची जोडी लावली तर ढिम्म. बेसमधला करंट दोन्ही वेळा मोजला, दोन्ही वेळा ०.४३ मिलिअँपिअर! म्हणजे बेसकडून तर सगळं सारखंच दिसतंय.

याच गडबडीत दुसरं कोडं निघालं. परत लावताना ट्रान्झिस्टरची सपाट बाजू उलटीकडे आली, म्हणजे कलेक्टर आणि एमिटरची अदलाबदल झाली. तरीही एलईडी लागला, फक्त मिणमिणता. मग बेसला १ मेगाओहम लावून नीट मोजलं (एलईडी काढून, नुसता मीटर): सरळ लावल्यावर १.२ मिलिअँपिअर, उलटा लावल्यावर ०.०३. दोन्ही टोकं एन असतील तर एवढा फरक का? आणि दोन्ही टोकं एक नसतील तर उलटा लावल्यावर चालतोच कसा?

---

बिनतारी

नळ आठवा. बेस म्हणजे नळाची चावी, कलेक्टर-एमिटर म्हणजे पाइप. चावी थोडी फिरवली की पाणी भरपूर. उलटा लावलेला नळ गळणारच.

---

ठिणगी

नळाचं मलाही माहीत आहे हो. पण दोन डायोडचा नळ का होत नाही, हे त्यात कुठे येतं?

---

राळ

बरोबर पकडलंत. नळाच्या गोष्टीत चावी आहे, पाइप आहे, पाणी आहे. फक्त ट्रान्झिस्टर नाही.

माझा हात अँप्लिफायर आणि रेडिओ दुरुस्तीत गेला. पंचवीसेक वर्षं मीही ते दोन डायोडचं चित्र डोक्यात ठेवून मीटर लावत होतो आणि माझं काही अडलं नाही, कारण मीटर लावण्यापुरतं ते खरं आहे. मग एकदा जळालेला २एन३०५५ करवतीने कापला. धातूच्या टोपीचा, दोन बोल्टांनी बसतो तो. आत बघितल्यावर ते चित्र पुसलं गेलं. (कापायचा असेल तर हाच कापा. रेडिओ फ्रिक्वेन्सीचे, पांढऱ्या सिरॅमिकवर बसवलेले ट्रान्झिस्टर फोडू नका. त्यात बेरिलियम ऑक्साइड असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक.)

एवढ्या मोठ्या टोपीखाली पांढुरक्या चिकट लेपात बसलेली चिप होती करंगळीच्या नखाहून लहान. चिपचा तळ थेट धातूच्या बैठकीला चिकटवलेला, म्हणजे अख्खी बैठक आणि टोपी हाच कलेक्टर. वरच्या अंगाला कंगव्याच्या दात्यांसारखी नक्षी, एक कंगवा दुसऱ्यात अडकवल्यासारखी. एक कंगवा एमिटरचा, दुसरा बेसचा. दोन तारा तिथून दोन पायांना गेलेल्या. डावीकडे एन (मोकळे इलेक्ट्रॉन जास्त), मध्ये पी (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, म्हणजे होल, जास्त), उजवीकडे एन असं पुस्तकातलं सँडविच कुठेच नव्हतं. खाली कलेक्टर, त्याच्यावर बेस, आणि बेसमध्ये बुडवलेला एमिटर. थाळीत वाटी, वाटीत आणखी लहान वाटी.

हे असं का दिसतं, ते बनवण्याच्या रीतीवरून कळतं. सिलिकॉनची चकती घेतात, ती हलकी एन. तिच्यावर ऑक्साइडचा थर चढवून त्यात खिडकी पाडतात आणि साधारण १००० अंश सेल्सिअसच्या भट्टीत त्या खिडकीतून बोरॉन आत मुरवतात. तेवढा भाग पी झाला. मग त्याच्या आत त्याहून लहान खिडकी पाडून फॉस्फरस मुरवतात, भरपूर, म्हणजे वरचा भाग पुन्हा एन. आता बेस कुठला? बोरॉन जिथवर खोल गेला आणि फॉस्फरस जिथवर गेला, त्या दोन खोलींच्या मधे जे उरलं ते! बेसचा थर कुणी वेगळा घालत नाही, तो उरतो. लहान ट्रान्झिस्टरांत ही जाडी एका मायक्रोमीटरहूनही कमी. केसाची जाडी ७० मायक्रोमीटरच्या आसपास धरा, म्हणजे अंदाज येईल.

भेसळ किती, तेही पाहा, कारण तुमच्या दुसऱ्या कोड्याचं उत्तर तिथे आहे. ढोबळ आकडे असे: एमिटरमध्ये ५ हजार सिलिकॉन अणूंमागे एक फॉस्फरस. बेसमध्ये ५ लाखांमागे एक बोरॉन. कलेक्टरमध्ये ५ कोटींमागे एक. दोन्ही टोकं एन खरी, पण एकीत मिरची ओंजळभर आणि दुसरीत चिमूटभर.

आता मुख्य गोष्ट. रिव्हर्स बायस, म्हणजे जंक्शनला (पी आणि एनच्या सांध्याला) उलटा व्होल्टेज, म्हणजे बंद दार, असं आपल्याला शिकवतात. हे अर्धंच खरं आहे. कलेक्टर-बेस जंक्शनला उलटा व्होल्टेज असतो तेव्हा तिथलं विद्युत क्षेत्र बेसमधल्या होलना कलेक्टरकडे जाऊ देत नाही आणि कलेक्टरमधल्या इलेक्ट्रॉनना बेसकडे येऊ देत नाही. त्यांच्यासाठी दार बंद. पण समजा बेसमध्येच, पी भागात, एखादा इलेक्ट्रॉन सापडला, तर त्याला तेच क्षेत्र कलेक्टरकडे खेचून नेतं. होलसाठी जी भिंत, ती या इलेक्ट्रॉनसाठी घसरगुंडी. तुमच्या १एन४१४८ मधून उलटा करंट जात नाही तो भिंत मजबूत आहे म्हणून नव्हे. पी भागात इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतातच, म्हणून जात नाही. घसरगुंडी तयार आहे, घसरायला कुणी नाही. जे थोडे उष्णतेने सुटतात ते घसरतात, तोच तो गळती करंट. त्याची डेटाशीटमधली कमाल मर्यादा २० व्होल्टला २५ नॅनोअँपिअर.

ट्रान्झिस्टरने केलं काय, तर त्या घसरगुंडीच्या तोंडाशी इलेक्ट्रॉन आणून सोडायची सोय केली. ते काम एमिटरचं. बेस-एमिटरला ०.६-०.७ व्होल्ट दिले की उंबरठा खाली येतो आणि एमिटरमधले इलेक्ट्रॉन बेसमध्ये शिरतात. बेसमध्ये त्यांना कुणी ओढत नाही. ते नुसते भटकतात, इकडे तिकडे, आंधळ्यासारखे. पण ज्या बाजूला गर्दी आहे तिथून मोकळ्या बाजूला एकूण ओघ वाहतोच, यालाच डिफ्यूजन म्हणतात. बेस म्हणजे एक अरुंद ओसरी समजा. अलीकडे उंबरठा, पलीकडे घसरगुंडी, मध्ये ओसरी. ओसरीतून भटकत पार व्हायला इलेक्ट्रॉनला लागणारा वेळ सेकंदाच्या दहा अब्जाव्या भागाच्या आसपास. एखाद्या होलशी गाठ पडून नाहीसं व्हायला मात्र सरासरी मायक्रोसेकंदाच्या घरात वेळ लागतो. हजारो पट फरक. म्हणून बहुतेक सगळे पलीकडे पोचतात आणि घसरतात. तोच कलेक्टर करंट.

आता तुमची डायोडची जोडी घ्या. पहिल्या डायोडमध्ये इलेक्ट्रॉन उंबरठा ओलांडून पी भागात आले, इथवर सगळं तेच. म्हणून तर बेसचा करंट तोच ०.४३ भरला. पण पुढे घसरगुंडी नाही, पुढे धातूचा पाय आहे. वाटेत होल गाठतात किंवा धातूपाशी पोचतात, आणि तिथे ‘पी भागात चुकून आलेला इलेक्ट्रॉन’ ही त्यांची ओळख संपते. धातूत सगळेच इलेक्ट्रॉन. दुसऱ्या डायोडच्या पी भागाला तार जोडलेली असली तरी तारेतून त्याला जादा इलेक्ट्रॉन मिळत नाहीत. त्याची घसरगुंडी रिकामीच राहते. दोन्ही जंक्शनं एकाच अखंड स्फटिकात आणि एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असायला हवीत. ते अंतर काही शे मायक्रोमीटर केलंत, तर स्फटिक अखंड असूनही तुम्हाला दोन डायोडच मिळतील, कारण इलेक्ट्रॉनची भटकण्याची धाव काही दशक मायक्रोमीटरची.

हे लोकांनाही एकदम उमगलं नव्हतं बरं का. १९४७च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवला तो जर्मेनियमच्या ढेकळावर सोन्याची दोन टोकं अगदी जवळजवळ टेकवून. करंट पृष्ठभागावरून सरकतो की आतून जातो, हा वाद होता. तिथल्याच शॉकलीने जानेवारी १९४८ मध्ये तीन थरांच्या जंक्शन ट्रान्झिस्टरची कल्पना कागदावर मांडली, आणि फेब्रुवारीत त्यांच्यातल्याच जॉन शाइव्हने जर्मेनियमच्या पातळ कापाच्या दोन विरुद्ध बाजूंना एकेक टोक टेकवून दाखवलं की तरीही चालतं. मग वाट आतूनच असली पाहिजे. खरा जंक्शन ट्रान्झिस्टर १९५० मध्ये आला, टील आणि स्पार्क्स यांनी स्फटिक वाढता वाढताच त्यात भेसळ बदलून केलेला. वर सांगितलेली खिडक्यांची रीत हर्नीची, १९५९ची.

उलटा लावल्यावर काय होतं? रचना तीच, त्यामुळे चालतो. पण आता चिमूटभर भेसळीचा कलेक्टर एमिटरचं काम करतोय. बेस उंबरठा ओलांडून जेवढे होल त्याच्याकडे पाठवतो, त्या मानाने तो फारच थोडे इलेक्ट्रॉन परत पाठवू शकतो. शिवाय थाळी मोठी आणि वाटी लहान: थाळीतून वर निघालेल्या इलेक्ट्रॉनपैकी वाटीच्या तोंडाशी पोचणारे थोडेच. तुमचे आकडे घ्या. १ मेगाओहममधून सुमारे ४.३५ मायक्रोअँपिअर. सरळ लावून १.२ मिलिअँपिअर म्हणजे गुणक (कलेक्टरचा करंट बेसच्या किती पट) २७५च्या आसपास, उलटा लावून ०.०३ म्हणजे ७. मला तर हे दोन आकडे पुस्तकातल्या दहा पानांहून बोलके वाटतात.

एक सांगून ठेवतो. ५ व्होल्ट होते म्हणून निभावलं. बेस-एमिटर जंक्शनला उलटा व्होल्टेज फार सोसत नाही, बीसी५४७ची मर्यादा ६ व्होल्ट आहे. त्याहून वर जंक्शन फुटतं आणि करंट आवरलेला असला तरी गुणक कायमचा घसरतो. ट्रान्झिस्टर मरत नाही, आजारी पडतो. असे आजारी ट्रान्झिस्टर शोधण्यात माझ्या किती रात्री गेल्या ते विचारू नका. मीटरवर ठणठणीत दिसतात.

---

अर्धमात्रा

राळ यांनी छान लिहिलंय, पण एक गाठ सुटायची राहिली. ‘बेसचा करंट कलेक्टरच्या करंटला चालवतो’ हे वाक्य त्यांनी टाळलं, आणि बरं केलं. किती इलेक्ट्रॉन उंबरठा ओलांडतील हे बेस-एमिटरच्या व्होल्टेजवर ठरतं. खोलीच्या तापमानाला तो साधारण ६० मिलिव्होल्टने वाढवला की कलेक्टर करंट दहापट. बेसचा करंट हा त्या व्यवहारातला खर्च आहे, कारण नव्हे. तोही मुख्यतः इलेक्ट्रॉन वाटेत हरवल्यामुळे होत नाही. उंबरठा खाली आला की बेसमधले होलही उलट दिशेने एमिटरमध्ये शिरतात. ते भरून काढायला बेसच्या तारेतून करंट द्यावा लागतो. एमिटरला ओंजळभर भेसळ का, याचं उत्तर हेच. इलेक्ट्रॉन इतके भरपूर निघावेत की उलट जाणारे होल नगण्य ठरावेत.

आणि तापमान विसरू नका. तोच करंट ठेवला तर अंशागणिक सुमारे २ मिलिव्होल्ट कमी लागतात. व्होल्टेज पक्का बांधून ठेवलात तर ९-१० अंशांत करंट दुप्पट होतो.

---

राळ

मान्य. दुरुस्ती करताना मी करंटच मोजतो, कारण रेझिस्टर काढायला तोच हिशेब सोपा पडतो. पण ‘बेसचा करंट मोठा होऊन बाहेर पडतो’ असं कुणी म्हणालं की मला कसंतरी होतं. बेसचा करंट कलेक्टरमध्ये जातच नाही. दोन्ही एमिटरच्या पायात एकत्र येतात, बस.

ठिणगी, अर्धमात्रांचं तापमानाचं वाक्य घरबसल्या बघा. १ मेगाओहमवाली जोडणी ठेवा आणि ट्रान्झिस्टर चिमटीत धरा. पायांना बोट लावू नका, नाहीतर अंगातला करंट मोजत बसाल.

---

बिनतारी

मग कापलेल्या २एन३०५५चं काय केलंत? टाकून दिलात?

---

राळ

टाकतो कशाला. लेप पुसून उन्हात धरला, बेस आणि कलेक्टरला मीटर लावला. जवळजवळ अर्धा व्होल्ट! प्रकाशाने बेसमध्ये इलेक्ट्रॉन सुटतात आणि घसरगुंडीवरून जातात, एमिटरची गरजच नाही. जळाला होता तो एमिटर, हे जंक्शन शाबूत होतं. जुने काचेचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर काळे रंगवलेले असायचे ते याचसाठी. रंग खरवडला की ओसी७१ प्रकाश ओळखायला लागायचा.

---

ठिणगी

केलं. चिमटीत धरल्यावर १.२० वरून हळूहळू १.२६ झाला, सोडला की मिनिटभरात परत खाली. म्हणजे व्होल्टेज बांधला असता तर याहून पुष्कळ वाढला असता, बरोबर ना?

आणि राळकाका, एक विचारायचं राहिलं. ०.६७२ आणि ०.६६६, यातला एमिटर कुठला? दर वेळी तोच पाय जास्त दाखवतो.

---

राळ

बरोबर, पुष्कळ.

जास्त आकड्याचा पाय एमिटर. मीटर दोन्हीकडे सारखाच करंट ढकलतो. थाळीचं जंक्शन मोठं, तिथे तो करंट पसरतो आणि थोड्या कमी व्होल्टेजमध्ये भागतं. फरक काही मिलिव्होल्टचाच असतो, म्हणून तुमची ती चिमूट इथे लावू नका. दोन वाचनांच्या मधे बोटाने चार-पाच अंश तापवलात तरी उत्तर उलटं येईल.

---

ठिणगी

चिमट्याने धरून तपासले. माझ्याकडे नंबर पुसलेले ११ ट्रान्झिस्टर पडून होते. बेस सगळ्यांचा मधलाच निघाला, पण ४ जणांचा एमिटर बीसी५४७च्या उलट बाजूला आहे. अंधाराच्या दिव्याचं सर्किट दोन महिने मंद लागत होतं, ते उघडून बघितलं. त्यात यांचाच पाचवा भाऊ बसलाय.